पांढऱ्या रविवारचा देवमासा

सवाई बेट, सामोआ
१७ सप्टेंबर

ती. एसेताआत्यास,
स. न. वि. वि.

ऑकलंडची थंडी सरली का? इथे माझा जीव टांगणीला लागलाय. गावातली तरुण पोरं रविवारी चर्च सोडून व्हॉलीबॉलच्या मैदानावर असतात. उपदेशाने तर ती आणखी लांब पळतात. म्हणून ऑक्टोबरातल्या पांढऱ्या रविवारी, मुलांच्या सणाला, देवापासून पळालेल्या आणि माशाने गिळलेल्या योनाचं नाटक करतेय. देवमासा मीच रंगवतेय, सालीच्या कापडावर, आजीच्या त्या तपकिरी रंगाने. आणि योना कोण, तर तावीता! संघाचा कप्तान, चार वर्षांत चर्चची पायरी चढलेला नाही.

पाद्रीबाबा म्हणाले, खुशाल कर. पण नाटकानंतरच्या रविवारी तरुणांचे बाक रिकामे दिसले, तर कुंचले गुंडाळायचे आणि पोरांकडून वचनांचं पाठांतर सुरू. आत्या, चित्रं सोडून मला दुसरं येतं काय?

लोभ आहेच, प्रार्थनेत थोडा वाढव.
तुझी,
फिपे

ऑकलंड
३० सप्टेंबर

चि. फिपेस,
अ. आ.

तावीता योना? मग माशाने त्याला गिळायचं की त्याने माशाला? लहानपणी माझ्या ताटातली तळलेली केळी पळवायचा मेला!

तू माझ्यावर गेलीस, म्हणजे उतावळी. म्हणून बजावते. तो सालीचा रंग दमट हवेत लवकर वाळत नाही, आणि कपड्याला लागला की कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. पोरं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत असणार. रंगाचा शेवटचा हात बुधवारीच दे, नंतर बोटसुद्धा लावू नकोस.

तुझी, दुरून कान धरणारी,
आत्या

सवाई बेट
१५ ऑक्टोबर

ती. आत्यास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, सोमवारी! आणि मी शनिवारी संध्याकाळी मासा फिका वाटला म्हणून आणखी एक हात दिला होता.

नाटकात तावीता माशाच्या पोटात शिरला आणि वाक्यं विसरला. मग स्वतःच्याच शब्दांत म्हणाला की देवा, मी पळत होतो, आता दमलो. मला रडूच फुटलं. इतक्यात तो बाहेर आला, मागोमाग आतून मासा धरलेली सात-आठ पोरं, आणि सगळी तपकिरी! आया किंचाळल्या. पण त्या दिवशी मुलांना रागवायचं नाही, आधी त्यांनाच वाढायचं ना! तावीताच्या आईने दात-ओठ खात त्याला पहिलं ताट वाढलं. पाद्रीबाबा एवढंच म्हणाले की योना तरी स्वच्छ कुठे निघाला असेल. बाकांची अट मात्र त्यांनी सोडली नाही.

आज घंटा झाली तरी बाक रिकामेच. मी मनात कुंचले बांधायला घेतले. तेवढ्यात तावीता आला, तोच डागाळलेला सदरा घालून. मागे अख्खा संघ! नाटकात नसलेल्या पोरांचे सदरेही तपकिरी. विचारलं, तर कळलं की नाटकानंतर मासा मंडपात वाळत होता, तेव्हाच त्यांनी कप्तानासारखे डाग हवेत म्हणून आपले नवे सदरे त्याच्यावर घासून घेतले होते.

आता आया माझ्या नावाने खडे फोडताहेत. त्यांच्यासाठी तेवढी प्रार्थना कर.

तुझी, हसून हसून पोट दुखलेली,
फिपे