शेंड्याचं मोसंबं

सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (या खेपेस तो खरोखरच साष्टांग आहे. मला सध्या बसता येत नाही, पालथा पडून लिहितो आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस.) तुझी कंबर काय म्हणते? भाऊजींचा खोकला गेला की अजून मुक्कामाला आहे? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. कितपत, ते पुढे वाचून तूच ठरव.

परसातली मोसंबीची झाडं अप्पांनी आपल्या दोघांपेक्षा लाडानं वाढवली, हे तुला ठाऊकच आहे. (त्यांच्यावर कधी हातही उगारला नाही.) पण दवाखान्यातून घरी आल्यापासून ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून असतात आणि बाग माझ्या गळ्यात पडली आहे. ताई, मला त्या झाडांची भीती वाटते. त्यांना काटे असतात, काट्यांआड काय दडलंय ते दिसत नाही, आणि हे सगळं अप्पांच्या डोळ्यांदेखत करायचं. पाणी जास्त झालं तर मुळं कुजतात, कमी झालं तर फळ गळतं. मी पाईप हातात घेतला की व्हरांड्यातून नुसतं 'हं' ऐकू येतं. त्या 'हं'चा अर्थ 'बंद कर' की 'चालू दे', हे विचारायची माझी छाती होत नाही. (ऑफिसात माझ्या हाताखालची माणसं मला टरकून असतात, असं मी घरी सांगत असतो.)

मागच्या आठवड्यात फर्मान निघालं, फळ उतरव. मी म्हटलं, "अप्पा, अजून हिरवी आहेत. पिवळी होऊ द्या की."

"आपल्या उकाड्यात मोसंबं हिरवंच पिकतं. रंग काय बघतोस? तळहातावर तोलून बघ. जड लागलं की समज गोड."

खालच्या फांदीवरचं एक तोललं, जड लागलं. (भीतीनं मला सगळंच जड लागतं.) ते चाखल्यावर माझं तोंड असं काही वाकडं झालं, की तुझी भावजय मला झटका आला म्हणून स्वयंपाकघरातून धावत आली. अप्पा म्हणाले, "खालचं नव्हे रे. शेंड्याचं. ऊन खाल्लेलं."

शेंड्याला गांधीलमाश्यांचं पोळं होतं, ताई. मी चार दिवस सबबी सांगितल्या. आभाळ आलंय, शिडी डुगडुगते, हात भरून आलाय. प्रत्येक सबबीला एक 'हं'. शेवटी रविवारी सकाळी हेल्मेट घातलं, तुझ्या भावजयीचा रेनकोट चढवला, वरून मच्छरदाणी गुंडाळली आणि देवाचं नाव घेऊन चढलो. वर गेल्यावर कानात घूं घूं सुरू झालं. डोळे मिटून हात पुढे केला तर बोटाला काहीतरी गार, मऊ लागलं. डोळे उघडले. पानावर जाडजूड हिरवी अळी, आणि तिनं माझ्यादेखत डोक्यातून दोन लाल शिंगं बाहेर काढली! वर घाण वास. मी "साप! साप!" म्हणून ओरडलो आणि दोन्ही हात सोडले. आधी मी खाली आलो, मग माझ्यावर शिडी आली.

यानंतर जे झालं त्यानं तर माझी बोबडीच वळली. अप्पा खुर्चीतून उठले. काठी न घेता धडपडत आले, माझ्या अंगावरची शिडी ओढू लागले आणि म्हणाले, "लागलं का रे बाळा? बोल ना, कुठं लागलं?" या आवाजात ते माझ्याशी बोलतायत म्हणजे आपण मेलोच, अशी माझी खात्री झाली.

माझ्याबरोबर एक मोसंबं खाली आलं होतं. अप्पांनी ते तिथंच कापलं, अर्धं मला दिलं. मी उभ्यानंच खाल्लं. काय सांगू, नुसती साखर!

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : वन्सं, यांनी पत्र पाकिटात घालायला दिलं, म्हणून वाचलं. पोळं जुनं, वाळून खडखडीत झालेलं होतं. मी काल झाडूनं पाडलं, आत एक माशी नव्हती. घूं घूं ऐकू आलं ते हेल्मेटमध्ये यांच्याच श्वासाचं. काळजी नसावी. — तुमची भावजय.

दुसरा ता. क. : ही बाजारात गेली आहे, तेवढ्यात लिहितो. दवाखान्यातल्या तपासणीत अप्पांच्या पोटात गाठ निघाली आहे. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. तुला कळवायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, "ताई घाबरट आहे" म्हणतात. पण त्या दिवशी मोसंबं खाऊन झाल्यावर हात पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला भीती वाटते रे." ताई, जन्मभर ज्यांना घाबरलो त्यांना धीर कसा द्यायचा हे मला ठाऊक नाही. मी म्हटलं, "मलाही वाटते." त्यांनी माझा हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

तू ये. धीर वगैरे गोळा करत बसू नकोस, तो इथं कुणाकडेच नाही. नुसती ये.