आंधळ्या फळीवरची ओ

मोजी, जपान. शोवा ५ (सन १९३०), जुलै २१

मला न विचारता! ओनिझुका मुकादमाने माझ्या नातीला आंधळ्या फळीवर चढवली. आणि मला कळलं कधी? जहाजाखालच्या पडावात, त्या सपाट होडीत, बसून कोळशाच्या पाट्या भरत होते, वरून तिच्या नावाची हाक आली तेव्हा! चाळीस वर्षं मी या मोजी बंदरात जहाजांना कोळसा भरवला. हा मुकादम शेंबूड पुसत फिरत होता तेव्हापासून. आणि मला म्हणतो, "म्हातारे, पोरगी उंच आहे, हात लांब आहेत. तिथे दुसरी कोण पुरणार?"

हात लांब! तिच्या आईचेही लांबच होते.

मिसाओला विचारलं तर म्हणते, "मीच मागून घेतली. आईची जागा आहे." सोळा वर्षांची कार्टी! रात्री जेवताना मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तिने सातूचा भात दोनदा घेतला, सुका मासा माझ्या वाटणीचाही खाल्ला आणि झोपली. रुसवा फुकट गेला.

जुलै २२

डोंगराकडून एक नवी बाई कामाला आली आहे. सगळं शिकवायचं माझ्या गळ्यात. तिला म्हटलं, बघ बाई, जहाजाच्या अंगावर एकाखाली एक फळ्या टांगल्यात. फळीवर एकेक बाई. खालून पाटी आली की घ्यायची, वर द्यायची. विचार करायचा नाही. पण मधे जहाजाचं पोट बाहेर आलंय ना, त्याच्या वरची ती आंधळी फळी. खालच्या बाईला वरची दिसत नाही. म्हणून खालचीने नाव घेऊन हाक मारायची, दोनदा. एकदाच हाक मारतं ते माणूस नसतं, पाण्यातलं असतं. वरचीने ओ द्यायची. ओ आली की पाटी वर फेकायची. ओ आल्याशिवाय फेकायची नाही! हाक, ओ, पाटी. हाक, ओ, पाटी. दिवसभर.

तिने विचारलं, "आणि ओ दिली, पण हात पुढे नसले तर?"

म्हटलं, तोंड कमी चालव, फावडं चालव.

जुलै २५

जहाज नाही. मुळ्याचं लोणचं मुरलं. मिठाला हात जड झालाय माझा.

जुलै २६

उमे संध्याकाळी आली होती. आंधळ्या फळीच्या खालच्या फळीवर हीच असते, हाक मारायला. गेल्या ऑक्टोबरात माझी सून शिगे पडली तेव्हाही हीच होती. तेव्हापासून दर महिन्याला येते, उदबत्ती लावते, नाक ओढत बसते. आज उदबत्ती लावली आणि म्हणाली, "काने मावशी, तुमच्या पोरीला जरा सांगा हो. माझी हाक पुरी होत नाही तोच ओ देते. मिसा— म्हटलं की आली ओ. मी पाटी उचललेलीसुद्धा नसते."

मिसाओ चुलीपाशी होती. म्हणाली, "मी तर तुमची दुसरी हाक ऐकूनच देते."

"मग पहिली कोण देतं गं? माझी सासू?"

आम्ही हसलो. उमेची सासू मरून वीस वर्षं झाली, पण जिवंतपणी तिने सुनेच्या हाकेला कधी ओ दिली नाही.

जुलै ३०

आज पाटी लागली पोरीला. खांद्याच्या हाडाला. बोटभर खाली लागली असती तर छातीवर बसली असती, आणि मग शिगेसारखीच सरळ खाली गेली असती. पडाव आणि जहाजाच्या फटीत! शिगे त्या फटीत गेली ती गेलीच. सामुद्रधुनीची ओढच तशी, दिवसातून चारदा पाणी तोंड फिरवतं, कुठे शोधणार? नावाची लाकडी पट्टी देवळीत ठेवली आहे, तिच्याखाली अस्थी म्हणून काहीच नाही.

उमे घाईघाईने खाली उतरली. "ओ आली मावशी! आईशप्पथ आली! ओ आली म्हणून फेकली! तेव्हाही आली होती म्हणूनच फेकली होती—"

मी म्हटलं, तेव्हाचं कशाला काढतेस?

मिसाओ म्हणते, "मी ओ दिली नव्हती. मी फडकं बांधत होते." पोरगी खोटं बोलत नाही. बोलली असती तर बरं होतं.

जुलै ३१

खांदा जांभळा झालाय. आल्याचा लेप लावला. लावता लावता मिसाओ हसायला लागली. दुखत असताना हसते! म्हटलं, काय झालं?

"आजी, आई आहे तिथे."

कुठे?

"फळीवर. माझ्या अगदी मागे. माझ्या आधी तीच ओ देते. रोज. काल मी मुद्दाम गप्प राहिले, कळावं म्हणून."

म्हणजे फडकं वगैरे काही नव्हतं. गप्प राहिली होती कार्टी! मी तिच्या खांद्यावर एक चापट दिली, दुखऱ्याच.

आवाज कसा आहे, विचारलं. म्हणाली, "कोळशाने बसलेला. आईसारखाच."

वर्षानुवर्षं कोळसा गिळलेल्या सगळ्या बायकांचा आवाज एकच असतो. हे तिला सांगितलं नाही.

ऑगस्ट ३

लिहावं की नाही, कळत नाही. ही अक्षरं मला शिगेनेच शिकवली. "आई, जहाजांची नावं तरी वाचता यायला नकोत का?" म्हणायची. वही मिसाओच्या शाळेतली, अर्धी कोरी. यात खोटं लिहून करू काय!

तर, आज मी ऐकलं. मोठं परदेशी जहाज, लोखंडाला ऊन लागून चटके बसत होते. मी पडावात, अगदी खाली. वरून उमेची हाक: "मिसाओ, मिसाओ!" आणि ओ आली. आखूड, शेपटी तोडल्यासारखी. घाईची. "लवकर आटपा" म्हणणारी ओ.

तो आवाज माझा होता.

माझा! मी तोंड उघडलं नव्हतं. डोक्याचं फडकं सुटलं म्हणून त्याचं टोक दातात धरलं होतं, ते अजून दातातच होतं. शेजारी ती नवी बाई फावडं थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मग वरून उमे ओरडली, "मावशी, खालून ओ कशाला देता हो? गोंधळ होतो ना!"

नवी बाई हळूच म्हणाली, "यांनी नाही दिली."

मी फडकं बांधलं. पुढची पाटी भरायला घेतली.

ऑगस्ट ४

आजही. सकाळपासून अकरा वेळा.

ऑगस्ट ६

मुकादमाकडे गेले. म्हटलं, पोरीला तिथून काढ. तो तंबाखू ओढत होता, चिलीम खाली ठेवलीसुद्धा नाही. "का?" म्हटलं, तिथे ती बावचळते. म्हणाला, "म्हातारे, तिच्याइतकी झटपट ओ अख्ख्या बंदरात कुणी देत नाही. दुसऱ्या टोळीचे मुकादम मला विचारतात, कुठून आणलीस!" आणि हसला.

घरी येऊन मिसाओला म्हटलं, तुझ्या मापाची जागा सूतगिरणीत आहे, चल, उद्या बघून येऊ. आताशा ती हाकेला ओ द्यायचीच विसरली आहे. घरातही. मी तीनदा हाक मारते, ती माझ्या तोंडाकडे बघत बसते. कुणी दुसरं ओ देईल म्हणून वाट बघितल्यासारखी.

आज तशी बसली असताना मीच घाबरून म्हटलं, अगं दे की ओ!

ऑगस्ट ९

मिसाओ दिवसभर एकदाही बोलली नाही, असं उमे सांगते. हाकेला ओ येते, पाटी वर जाते, वर झेललीही जाते. पण खाली उतरल्यावर बघावं तर पोरीचे ओठ कोरडे चिकटलेले. उमे म्हणाली, "मावशी, शिगे येते हो. तिच्या मनात माझ्याबद्दल राग आहे. मी फेकली ना पाटी!" आणि रडली. काळे ओघळ गालावर. मी म्हटलं, तोंड धू, भूत दिसतेस. तिला दुसरं काहीतरी सांगायला हवं होतं. दहा महिन्यांपूर्वीच सांगायला हवं होतं.

ऑगस्ट १३

आज पितर घरी यायचा दिवस. शिगेचा पहिलाच, म्हणून दाराला पांढरा कंदील टांगला. तिला वाट दिसावी म्हणून चूड पेटवली. शेजारच्या बायका गोड भाताचे गोळे देऊन गेल्या, उमेने वांगी आणली, मुकादमाने कलिंगड पाठवलं, आतून पांढरं निघालं. माणूस तसंच फळ.

मिसाओने आईसाठी शेवया उकडल्या. ताटापुढे बसून तिच्याशी बोलत होती. मी परसात भांडी घासत ऐकत होते. "सण संपला की सतरा तारखेला काम सुरू होईल. मी हात पुढे करणार नाही. तू आहेस ना? तूच घे पाटी. तू घेतलीस की सगळ्यांना कळेल. आणि नाही घेतलीस तर मी येते तुझ्याकडे."

भांडं तिथेच टाकलं. आत गेले. तिच्यासमोर बसले. म्हटलं, तसलं काही करायचं नाही. ऐकलंस? ती तुझी आई नाही!

"मग कोण आहे?"

मी उठून परसात गेले. तेच भांडं पुन्हा घासत बसले.

ऑगस्ट १४

फळीला बांधून ठेवू का तिला? कोंडून ठेवू? पाय मोडू? सगळा विचार करून झाला. सतराला कोंडली तर अठराला जाईल. ती आईसाठी जाते आहे. ती आई नाही हे कळल्याशिवाय थांबायची नाही. आणि आई नाही हे कसं कळणार, मी सांगितल्याशिवाय.

ऑगस्ट १५

लिहिते. आधी इथे लिहिते, मग तोंडाने निघेल.

शिगे पडली त्या दिवशी मी आंधळ्या फळीच्या वरच्या फळीवर होते. शिगे माझ्या पायाशी. तिला दोन दिवस खोकला. दुपारी भरती उलटायच्या आत जहाज सुटायचं होतं, मुकादम खालून शिव्या देत होता, आमची ओळ अडकली होती शिगेपाशी. उमेची हाक आली, "शिगे, शिगे!" शिगे जहाजाच्या भिंतीकडे तोंड करून खोकत होती. पाठ माझ्याकडे. मला वाटलं, आता वळेल. मला वाटलं, किती नखरे. मला वाटलं, माझ्या वेळी बाळंतपणानंतर आठव्या दिवशी उभी होते मी.

ओ मी दिली. तिच्या नावावर.

पाटी आली. ती वळतच होती.

सगळे म्हणाले, तिने ओ दिली होती, मग काय करणार. उमेनेही तेच सांगितलं. मुकादमाने तेच लिहून दिलं. मीही होकाराची मान हलवली. गुडघ्यांचं निमित्त केलं आणि पडावात जाऊन बसले. उमे दर महिन्याला येऊन उदबत्ती लावते, मी तिला चहा देते.

ती ओ मी दिली आणि माझी म्हटली नाही. म्हणून ती तिथेच राहिली आहे फळीवर. कुणाचंही नाव घ्या, पुढे येते.

ऑगस्ट १६

पितरांना परत पाठवायची गवताची होडी पाण्यात सोडून आलो. परतताना धक्क्यावर सांगितलं. उमेही होती, दोघींना एकदमच. उमेने विचारलं, "म्हणजे शिगेने ओ दिलीच नव्हती?" मिसाओ रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, त्या ओचा आवाज जुळवून बघितल्यासारखी. दारात कंदील उतरवताना ती एवढंच म्हणाली, आणि मला पहिल्यांदाच तिचा आवाज शिगेसारखा वाटला—

"उद्या आंधळ्या फळीवर तू उभं राहायचं. उमे मावशीच्या जागी मी. हाक मी मारणार, आईच्या नावाने. ओ तूच द्यायचीस, आजी, सगळ्यांसमोर, तुझी म्हणून. दुसऱ्या कुणी नाही."