आधी लेकरं, मग पिशव्या

प्रिय आत्या,

सासू-सून म्हणून एका घरात राहिलो, पण आपण कामापुरतंच बोललो. तुम्ही हे जग सोडून गेल्यावर पत्र लिहीन असं मलाही वाटलं नव्हतं. आज लिहिते, कारण काल मी रमा आणि ओम, दोन्ही लेकरांना घेऊन एसटीनं पुण्याला गेले, तिथं मेट्रोनं फिरले आणि परत येरमाळ्याला आले. एकटीनं. दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच कळवलेलं बरं.

रमाच्या कानांसाठी दर महिन्याला पुणं गाठावं लागतं, हे तुम्हाला माहीत होतं. कानाला यंत्र लावून भागत नाही. ते पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, बोलायला शिकवणाऱ्या बाईंसमोर तिला बसवावं लागतं. चार वर्षांची पोर. या वयात उशीर केला तर भाषा अर्धीच येते. तरी आपल्या फेऱ्या चुकत गेल्या. हंगामात तुमच्या लेकाला, सुधीरना, कारखान्यातून सुट्टी नसायची, आणि तुम्ही मला एकटीला जाऊ देत नव्हता.

"पोरीला हाक ऐकू येत न्हाय, अर्चना. तिथल्या गर्दीत हात सुटला तर कुणाला घावणार हाय ती?"

"हात सुटणार नाही."

"समद्याच बाया असंच म्हंत्यात."

मी वीज उपकेंद्रात यंत्रणा तपासते. 'काही होणार नाही' असं कुणी नुसतं तोंडानं सांगितलं, तर मीही मानत नाही. म्हणून तुमचं ऐकलं. पण आत्या, भीती खरी होती म्हणून फेरी चुकवणंही बरोबर होतं का? हे मी तुम्हाला तेव्हाच विचारायला हवं होतं.

काल येरमाळ्याच्या स्टँडवर तुमच्याच पद्धतीनं चढलो. आधी लेकरं, मग पिशव्या, मग आपण. रमाला खिडकीतून एका आजोबांच्या हातात दिलं.

"कुणाचं हाय गं हे?"

"माझंच. धरा जरा, येतेच."

"ये निवांत. माझ्या मांडीवरनं कुठं जातंय."

एसटीत ही पद्धत चालते. आई खाली राहिली तर अख्खी गाडी ओरडते, कंडक्टर बेल मारून थांबवतो. मेट्रोचं दार मात्र कुणाची वाट बघत नाही, हे मला कळायला हवं होतं. स्वारगेटला ओम कडेवर होता. रमाला डब्यात ठेवलं, पिशव्या उचलायला वळले, आणि दार मिटलं.

रमा आत, मी बाहेर. तुम्ही म्हणाला होता, अगदी तसंच.

हाक मारण्यात अर्थ नव्हता. तिनं काचेतून माझ्याकडं पाहिलं आणि माझा हात आपोआप उठला. पालथा तळवा, दोनदा खाली दाबला. तुम्ही खुरपायला जाताना तिला बांधावर बसवून करायचात ती खूण. हितंच बस, मी आले. त्या खुणेवरून आपलं किती वाजायचं! खुणा केल्या तर ती बोलायला शिकणार नाही, असं मी म्हणायची. "आधी पोर जागेवर राहू दे, मग बोलंल," असं तुम्ही म्हणायचात.

रमा डब्याच्या फरशीवर मांडी घालून बसली. शेजारच्या एका बाईनं तिच्याकडं बोट केलं, मग मला एक बोट दाखवलं. पुढचं स्टेशन. गाडी गेली.

फलाटावरचा पहारेकरी धावत आला. "ताई, रडू नका."

"मी रडत नाही. पुढच्या स्टेशनला कळवा. निळा फ्रॉक, दोन्ही कानांना यंत्र. ऐकू कमी येतं, हाका मारू नका म्हणावं."

त्यानं वायरलेसवर तसंच्या तसं सांगितलं. मी पुढच्या गाडीनं गेले. रमा फलाटाच्या फरशीवर बसलेली, आणि ती बाईही तिच्याशेजारी खालीच.

"बाकावर बसायला तयारच नाही हो," बाई म्हणाल्या. "उचलून बसवलं की पुन्हा खाली येते."

मी हसले. आधी रमाचं मनगट धरलं.

बाहेर जाऊन रिक्षा करावी, असं मनात आलं. पण चूक मेट्रोची नव्हती, आपल्या क्रमाची होती. आमच्या कामात इंटरलॉक असतो. एक अट पुरी झाल्याशिवाय पुढचं बटण चालतच नाही. तसंच केलं. सगळं सामान एका पिशवीत कोंबून पाठीवर, ओम ओढणीनं छातीशी बांधलेला. रमाचं मनगट मुठीत असल्याशिवाय पाय उचलायचा नाही. त्याच फलाटावरून पुढच्या मेट्रोत तिघं एकदम चढलो. उतरताना तसंच. गर्दीच्या सिटी बसमध्येही तसंच. एकदाही चुकलं नाही.

दवाखान्यात यंत्र नव्यानं जुळवलं. येताना मेट्रोचं दार मिटण्याआधी बारीक सूर वाजला. सकाळी तो फक्त मला ऐकू आला होता. आता रमानं दाराकडं मान वळवली, माझी ओढणी ओढली.

"आई, वाजलं."

पुढं प्रत्येक स्टेशनवर ती दाराकडं बघत वाट पाहत होती, आणि सूर वाजला की आधी मला सांगत होती. मी फार कुणापुढं मिरवत नाही, हे तुम्ही जाणता. पण काल डब्यातल्या अनोळखी माणसांना सांगावंसं वाटलं, की हिला ऐकू आलं आणि हिला इथवर मी आणलं.

तुम्हाला शब्द देते. आता कुणाच्या सुट्टीसाठी एकही फेरी चुकणार नाही. आणि रमा नीट बोलायला लागली, की तिला तुमच्याबद्दल सांगेन. हाक ऐकू येत नव्हती तेव्हा तिला जागेवर थांबायला कुणी शिकवलं, ते तिला ठाऊक असायला हवं.

तुमची सून,
अर्चना