फुंकर

११ एप्रिल, गुरुवार

आलो बाबा एकदाचे तारिहाळला! रिक्षात मी, नात आरुषी, दोन गाठोडी, स्टोव्ह, हत्यारांची पेटी आणि आरुषीची सायकल. गेटासमोर मथुराक्काची चहाची टपरी आहे. आमचा पसारा बघून तिनं विचारलं, की अज्जा, नोकरीला आलायस का वऱ्हाडात? मी म्हटलं, वऱ्हाडातच, नवरी ही घ्या. आरुषी लाजून माझ्या धोतराआड गेली. नऊ वर्षांची झाली तरी अजून कोकराची सवय.

नोकरी सोपी आहे. इथं पूर्वी सुक्या मिरचीचं कोल्ड स्टोरेज होतं. बंद पडून आठ वर्षं झाली, पण भिंतीला नाक लावलं तर अजून शिंक येते. मागच्या खोलीत थंडावा करायच्या जुन्या फ्रिऑन गॅसचे अकरा सिलिंडर उरलेत. हा गॅस आता विकायचा नाही, वापरायचा नाही आणि हवेत तर सोडायचाच नाही. बाहेरगावी भट्टीत जाळून टाकायला ट्रक येणार आहे. तोवर सिलिंडर सांभाळायचे आणि गळती बघायची. राहायला आवारातलीच पुढची खोली. मालकाचा माणूस वादिराज किल्ल्या देताना म्हणाला, की सिलिंडरही म्हातारे, मिस्त्रीही म्हातारा, दोघांची मुदत संपलेली, जमेल तुमचं.

जमणारच. चाळीस वर्षं फ्रिज दुरुस्त केलेत मी, हुबळीत कोप्पीकर रोडच्या मागल्या गल्लीत. शाळा चौथीपर्यंतची. बाकी सगळं कंपन्यांच्या माहितीपुस्तकांतून अक्षर अक्षर लावून शिकलो.

संगीता, म्हणजे माझी लेक, बेंगळूरला कपड्यांच्या कारखान्यात आहे. सुट्टीभर पोरगी माझ्याकडे. संध्याकाळी पडून गुडघा खरचटून घेतला बयेनं. मी फुंकर घातली, रडं थांबलं. अज्जाच्या फुंकरीत औषध असतं म्हणते. तिची आजी, आमची नागुबाई, तीही हेच म्हणायची. डोळ्यात कचरा गेला की पापणी उघडून माझ्यापुढं उभी राहायची.

१२ एप्रिल, शुक्रवार

हा गॅस विषारी आहे का, असं आरुषीनं विचारलं. भाकरी थापता थापता सांगितलं, की बाळ, जमिनीवर हा अगदी गरीब. वास नाही, पेट नाही. पण हळूहळू वर चढतो. वर ओझोन नावाचं पांघरूण आहे, उन्हातला जळजळीत भाग ते अडवतं. सगळं गोळा करून जमिनीवर पसरलं तर या भाकरीएवढंच जाड होईल. आणि या गॅसमधला एकेक कण तिथं पोचला की लाख लाख कण खातो. शंभर वर्षं मरत नाही. दुनियेनं एकमतानं गॅस बंद केला म्हणून पांघरूण आता भरत चाललंय, हेही सांगितलं.

एक मात्र सांगितलं नाही. ते इथं लिहितो.

आमच्या गल्लीत खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची. सुतार रंध्याला कुंकू लावायचा, मी सिलिंडरला. आणि पूजा झाली की मी सिलिंडर उलटा करून व्हॉल्व उघडायचो, नळीचं तोंड आभाळाकडे, मोठ्यानं शंभरपर्यंत मोजायचो. सुस्स करून पांढरं धुकं उठायचं. पोरं त्यात नाचायची. त्याला मी आभाळाचा नैवेद्य म्हणायचो. ही पद्धत माझीच. बावीस वर्षं चालवली. शेवटी एका पेपरात ओझोनचं वाचलं. तेव्हापासून बंद.

पण वर गेलं ते गेलंच. म्हणून ही नोकरी घेतली. निदान हे अकरा तरी वर जाऊ द्यायचे नाहीत.

१४ एप्रिल, रविवार

सिलिंडरच्या खोलीत जमिनीवर उजेडाचं एक वर्तुळ आहे. ताटलीएवढं. वर स्लॅब सलग आहे, काठीनं ठोकून बघितला. झरोका नाही. दार लावलं तरी वर्तुळ तसंच. उजेड फारसा नाही, धुतलेल्या फडक्यासारखा फिक्कट.

खडूनं कड आखली. उन्हाचा कवडसा असता तर सरकला असता. सकाळी, भर दुपारी, पाच वाजता बघितलं. जागचं हललं नाही.

वादिराजला फोन केला. तो म्हणाला, की मिस्त्री, मोतीबिंदू काढून घ्या.

१६ एप्रिल, मंगळवार

वर्तुळ खडूच्या बाहेर चार बोटं आलंय. माझ्या हातून तिथं एक लाल मिरची पडली होती. संध्याकाळी उचलली तर पांढरीफटक, हाडासारखी. गोणपाटाचा तुकडा ठेवला, त्याचंही तेच. घड्या घालताना भुगा झाला.

आणि खोलीत उभा असलो की सुस्स ऐकू येतं. बारीक. हा आवाज मी झोपेतही ओळखीन. गळती!

अकराही सिलिंडरच्या जोडांना साबणाचा फेस लावला. बुडबुडा नाही. वजन केलं, गुंजभर घट नाही. मग आवाज कुठून येतोय?

१८ एप्रिल, गुरुवार

आज वर्तुळ अंगणात. आरुषीनं ठिकरीचे चौकोन आखलेत, त्यांच्या मधोमध. चिंचेची दाट सावली असताना.

लंगडी घालत ती त्यातून गेली. मी ओरडलो तोवर उशीर झाला होता. डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत लाल झाला, तव्यावर टेकल्यासारखा. पोळला, अज्जा, पोळला, असं म्हणून नाचायला लागली. थंड पाणी ओतलं. जवळ घेऊन तासभर फुंकर घातली. निजली तेव्हा हुंदके देत होती.

माझ्या पोरीला सोडणार नाही मी. काय असेल ते असो.

१९ एप्रिल, शुक्रवार

फोड आलेत. हुबळीला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मलाच झापलं, की एवढ्या उन्हात पोरीला हिंडवता, वय झालं तरी अक्कल नाही? सावलीत होती म्हटलं तर हसले.

परतताना रिक्षात तिच्या मांडीवर बघितलं. फ्रॉकचा रंग उडत होता. गोल. रिक्षाला टप असताना. मी तिला ओढून छातीशी धरलं, वर माझा शर्ट घातला, वर छत्री उघडली. रिक्षावाला आरशातून बघत होता. घरी उतरेपर्यंत तिच्या मानेवरही चट्टा होता.

मागावर आहे ते तिच्या.

संगीताचा फोन आला. सगळं बरं आहे, पोरगी आंबे खातेय, असं सांगितलं. खोटं बोललो लेकीशी.

२१ एप्रिल, रविवार

खिडकीला घोंगडं, दाराला ताडपत्री. घरात अंधार केलाय. तिला कोपऱ्यात बसवून मी समोर बसतो, जराही हलत नाही. मिठीत घेतो. फोडांवर फुंकर घालतो, घसा सुकेपर्यंत. ती म्हणते अजून, अज्जा, अजून.

जितका जपतो तितकी भाजते. काय चुकतंय कळेना.

मथुराक्का पेज घेऊन आली. आरुषी अर्धा तास तिच्याजवळ ओसरीवर बसली, चक्क उघड्यावर, आणि काही झालं नाही. हसली सुद्धा. मी जवळ गेलो न गेलो तोच विव्हळायला लागली. मथुराक्कानं माझ्याकडे असं बघितलं, की—

तिच्या मनात नको ते आलं असणार. पण तिचं तरी काय चुकलं.

२२ एप्रिल, सोमवार

डोळे उघडत नाहीत पोरीचे. उजव्या बुबुळावर पांढुरकी साय.

नागुबाईच्या डोळ्यांवर हीच होती. शेवटची सहा वर्षं माझा चेहरा दिसला नाही तिला. आम्ही वयाला दोष दिला. पन्नाशी तरी कुठं गाठली होती तिनं!

२३ एप्रिल, मंगळवार, सकाळ

पेटीतून गळतीचा दिवा काढला. जुन्या मिस्त्रींकडे असायचा. निळी ज्योत, खाली रबराची नळी. नळीचं तोंड जोडाजवळ धरायचं, फ्रिऑन गळत असला की ज्योत हिरवी होते. खोटं बोलत नाही हा दिवा.

पहिल्या सिलिंडरपासून अकराव्यापर्यंत निळीच. जमिनीवरच्या वर्तुळाला नळी लावली. निळी. बाहेर निजलेल्या पोरीजवळ धरली. निळी, स्वच्छ.

दमून बसलो. नळी गळ्यात अडकवलेली, तोंड हनुवटीखाली. एक उसासा सोडला.

हिरवी.

त्याच दिवशी, नंतर

दहादा बघितलं. श्वास घेतला की निळी. सोडला की हिरवी. गर्द, रावा बसावा तशी.

चाळीस वर्षं तो गॅस नाकातोंडानं घेतला. खंडेनवमीच्या धुक्यात तर छाती भरभरून, पोरांना हसवायला. गेला नाही तो. सगळा वर गेला नाही. बसून राहिलाय आत. सुस्स तिथूनच येतं.

श्वास सोडला की वर्तुळ बोटभर वाढतं. धरला की थांबतं. आणि मी तिच्या हातावर— तासभर— घसा सुकेपर्यंत—

नागुबाई. पापणी उघडून उभी राहायचीस तू.

२४ एप्रिल

मथुराक्काला फोन केला. कारण विचारू नकोस, रिक्षा घेऊन ये, पोरीला संगीताकडे पोचव, असं सांगितलं. हुबळीत अडकलीय ती. तासाभरात येते म्हणाली, आणि असंही, की अज्जा, तू तिच्यापासून लांब राहा. शहाणी बाई. तिला माझ्याआधी कळलं.

निघून जाणार होतो. गेटापर्यंत गेलो. मागं बघितलं तर वर्तुळ माझ्याबरोबर आलंच नाही, दारात तिच्यापाशी थांबून होतं, वाढत. माझा श्वास इथं सुटला तरी तिथं पोचतो. नैवेद्याचं ताट त्याला ठाऊक झालंय.

म्हणून सिलिंडरच्या खोलीत आलो. आतून कडी. फटींना ओली गोणपाटं. गळती बंद करायची तर आधी खोली बंद करायची, एवढं तरी येतं मला.

दाराखालची फट मात्र— गोणपाट पुरलं नाही.

नंतर

वर्तुळ आता इथं, मागच्या भिंतीपर्यंत. माझी सावली पडत नाही यात. हाताचे केस पांढरे, गळताहेत. कागद पिवळा पडतोय, शाई उडतेय, जोरात दाबून लिहितो.

श्वास धरून चाळीस मोजतो. मग थोडा. मग चाळीस.

अजून रिक्षा नाही.

पोरगी आलीय. चाचपत. दारापलीकडे. अज्जा, आत काय करतोस, दार उघड. उत्तर देता येत नाही. उत्तर म्हणजे श्वास.

रडतेय.

खाली बसली. बोटं फटीतून आत घातली. चार बोटं, फोडांनी भरलेली. म्हणते आग होते. म्हणते एकदाच, अज्जा, फुंकर घाल ना, एकदाच—

वर्तुळाची कड बोटांपासून वीतभर.

धरला.

वीस. शंभर मोजत सोडायचो, शंभर मोजत धरीन. तीस. लांब रिक्षा वाजतेय, तीच असेल. फटफट ओळखतो. पन्नास. बोटं काढ बाळ. काढ.

साठ. कड थांबलीय. थांबलीय!

छातीत सुस्स. सत्तर. घसा आपोआप उ— मथुरा लवकर— एकाहत्तर— बोटं अजून इथंच, हलवते, बोलावते— बहात्तर— ओठ दाताखाली धर—