दोन्ही वाफ्यांना सारखंच

कटक, २० ऑगस्ट

ती. मामूंच्या चरणी झिलीचा शि. सा. जुहार वि. वि.

बस वाटेत दोन तास रुसून बसली, पण मी एकदाची वसतिगृहात सुखरूप पोचले. माईंनं तळून दिलेल्या गोड अरिसांचा डबा मी पाय धुवून येईपर्यंत खोलीतल्या पोरींनी फस्त केला. त्यांचा निरोप आहे की पुढच्या वेळी मामीकडून दोन डबे आण.

आता नीट ऐका. तुमच्या शेतात मी जे वाफे आखलेत, त्यातल्या लाल चिंधीच्या वाफ्यांवर औषध फवारलंय आणि पांढऱ्या चिंधीच्यांवर नुसतं पाणी. हे खत का विष, असं तुम्ही विचारत होतात. दोन्ही नाही. झाडाच्या अंगातच एक रस असतो, संप्रेरक म्हणतात त्याला. पानानं लवकर पिवळं पडू नये, खालच्या दाण्यांनाही जेवण पोचावं, असा निरोप तो झाडभर फिरवतो. लोंबीतले वरचे दाणे आधी जेवून घेतात आणि खालचे पोचट राहतात, हे तुम्हीच मला लहानपणी दाखवलंत. तोच रस मी दाणा भरायच्या वेळी वरून थोडा दिलाय. दाणा नुसताच टपोरा होतो की त्यातला कसही वाढतो, म्हणजे प्रथिनं, लोह वगैरे, ते मला पाहायचंय. माईंच्या अंगात रक्त कमी आहे असं बरगडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय.

हात जोडून एकच सांगते: दोन्ही वाफ्यांना सारखंच वागवा. जे एकाला, तेच दुसऱ्याला. माझी शिष्यवृत्ती फाल्गुनात संपते. हे पीक बिघडलं तर दुसरा हंगाम नाही, आणि मग प्रबंधही नाही.

माईंना जुहार, काळ्या गाईला थाप. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
झिली

कुसुमपाली, ६ सप्टेंबर

चि. झिलीस मामूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. माझा गुडघा आणि तुझी माईं, दोन्ही दिवसभर कुरकुरतात, म्हणजे प्रकृती झकास आहे. नुआखाई तोंडावर आली. नवं धान देवीला दाखवायचं म्हणून गावभर सारवण चाललंय. तू येणार नाहीस म्हणून तुझी माईं भांडी आपटतेय.

तुझ्या लाल वाफ्यांची काय शान सांगू! लाल कापड बांधलं म्हणजे तो वाटा देवीचा, हे इथं कुणाला सांगावं लागतं का? यंदा समलेई माँनं आपल्या शेतात जागा मागितली, अशी बातमी हां हां म्हणता पसरली. दर गुरुवारी बाया दूध आणि शेणपाणी आणतात. बांधावर गर्दी होऊन धान तुडवलं जाऊ नये म्हणून तुझी माईं सगळं आपल्या घागरीत ओतून घेते आणि स्वतः आत उतरून लाल वाफ्यांना घालते. पाखरं हाकायलासुद्धा पोरांच्या पाळ्या लागल्यात. पांढऱ्यांकडे कुणी ढुंकून पाहत नाही.

तुझं औषध आणि वर देवीचा हात! आता तू पास झालीसच म्हणून समज. आम्ही तर पेढ्यांची वाट बघतोय.

पत्र पाठवत जा, नाहीतर माझा पोस्टमन आळशी होईल.

तुझा,
त्रिलोचन मामू

कटक, ११ सप्टेंबर

ती. मामूंना सा. जुहार.

लहान तोंडी मोठा घास घेतेय, आधीच पाया पडते.

अहो मामू, काय करून बसलात! सारखंच वागवा म्हणून मी एवढी विनवणी केली आणि तुम्ही लाल वाफ्यांना दुधानं न्हाऊ घातलंत! आता लाल वाफ्यातला दाणा कसदार निघाला, तर तो माझ्या फवारणीनं की गावाच्या शेणपाण्यानं, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं तर ते रागावले नाहीत, माझी नोंदवही मिटून बाजूला ठेवली. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आणि खरी अक्कलशून्य मीच. त्याच मातीत वाढले आणि नुआखाईच्या तोंडावर शेतात लाल चिंध्या बांधल्या! माईंचं जुनं लुगडं हाताशी होतं, ते टराटरा फाडलं. निळं असतं तर काय बिघडलं असतं? दोन दिवस मला अन्न गोड लागत नाहीये.

आता निदान कापणी तरी वेगवेगळी करा. पदरी काय पडतं ते बघू.

रागावू नका. मी रडतेय म्हणून अक्षर फुटलंय.

झिली

कुसुमपाली, २० सप्टेंबर

चि. झिलीस माईंचा आशीर्वाद आणि नुआखाईचा जुहार.

मी चौथी शिकलेली, चुका पोटात घाल. तुझं पत्र सणाच्या आदल्या दिवशी आलं. ते वाचून तुझा मामू पाण्यात भिजवलेला पखाळभात टाकून मागच्या ओसरीवर जाऊन बसला. जो माणूस पखाळाचं पाणीसुद्धा सोडत नाही, तो! काय झालं ते सांगेना, म्हणून पत्र त्याच्या हातातून ओढून मीच वाचलं.

अगं वेडे, रडतेस कशाला? बाया बांधावर असायच्या तोवर मी लाल वाफ्यांना अर्धी घागर घालायचे. त्या घराकडे वळल्या की उरलेली अर्धी पांढऱ्यांना. दर गुरुवारी, त्याच तांब्यानं. एका लेकराला वाढायचं आणि दुसऱ्याला बघत ठेवायचं, हे माझ्या हातून होत नाही. शिवाय तूच लिहिलं होतंस, जे एकाला तेच दुसऱ्याला. देवीला अर्धी घागर पुरते. तिला काय कमी आहे?

मामूला सांगितलं नाही, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. पाखरंही मी दोन्हीकडची हाकत होते. देवीसाठी लोंब्या कापल्या त्यासुद्धा दोन्हीकडून मूठमूठ. हे चालतं का ते तुझ्या सरांना विचार आणि आधी पोटभर जेव. धान वेगवेगळं बांधून ठेवलंय.

तुझी वाट बघणारी,
माईं

कटक, १ डिसेंबर

ती. माईंच्या पायांवर डोकं ठेवून झिलीचा जुहार.

तुझं पत्र सरांना वाचून दाखवलं तेव्हा ते इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, चालतं म्हणजे काय, पळतं! प्रबंधात आता तुझी घागर येणार: दोन्ही वाफ्यांना दर गुरुवारी सारखंच दूध आणि शेणपाणी. माझं वर्ष तू वाचवलंस, माईं. तू समोर असतीस तर तुला उचलून गरागरा फिरवलं असतं.

आता निकाल. लाल वाफ्यांत लोंबीचे खालचे दाणे छान भरले. प्रथिनंही थोडी जास्त निघाली. लोह मात्र जवळजवळ तेवढंच. एका शेतातल्या एका हंगामावर ढोल बडवायचे नाहीत, असं सर म्हणतात. प्रबंधाला एवढं पुरे. नाही हेसुद्धा उत्तरच असतं.

पण मला ते उत्तर लागलं गं. माझ्या फवारणीनं तुझं रक्त वाढणार नाही. मग मला आपला चुल्हा आठवला. मामूंना वाढतेस, गड्यांना, मांजरालासुद्धा. आणि शेवटी पालेभाजीचा शाग संपलेला, डाळीचं पाणी उरलेलं, ते खरवडून तू जेवतेस. लोंबीतला सगळ्यात खालचा दाणा तूच आहेस, माईं. दोन वाफ्यांत भेद करत नाहीस, मग हा तिसरा वाफा कोरडा का ठेवतेस? डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या घे आणि सगळ्यांबरोबर जेवायला बस.

मामू, हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवा आणि ऐकून सोडून देऊ नका.

दोघांचीही लाडकी,
झिली

कुसुमपाली, ७ डिसेंबर

चि. झिलीस आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. ऐकून ती म्हणाली की पोरगी शिकून फार बोलायला लागली.

परवा मार्गशीर्षातला गुरुवार होता. लक्ष्मीची पूजा झाली आणि तुझी माईं नेहमीसारखी वाढायला उठली. मी तिच्या हातातला डाव काढून घेतला. तिनं गिल्ला केला, लोक काय म्हणतील, देवी काय म्हणेल. तुझी एक लाल चिंधी खिशात ठेवलीच होती, ती तिच्या पाटाला बांधली आणि सांगितलं की आता हा वाटा देवीचा, कुणी आडवं यायचं नाही. गडी हसायला लागले, तशी ती लाजून बसली.

शाग पहिला तिला वाढला. डाळ खारट झालीय म्हणाली. झालीच होती, मीच केली होती. गोळ्या सुरू आहेत, मी समोर उभा राहून देतो.

आणि झिली, जेवता जेवता तिनं थाळी पुढे केली आणि आणखी शाग मागितला. इतक्या वर्षांत तिनं कधी माझ्याकडे दुसऱ्यांदा काही मागितल्याचं मला आठवत नाही.

उन्हाळ्यात ये. डबे दोन भरून ठेवू.

तुझा,
मामू