एकटीने पाहिलेलं

४ मार्च
नोकरीचा पहिला दिवस फार छान गेला. वृद्धाश्रम मोठा उजेडाचा आहे. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, न्हाणीघरात पाय घसरू नये म्हणून रबरी जाजम. माझी राहायची खोलीही इथेच, वरच्या मजल्यावर. इथल्या प्रमुखांना सगळ्या मोठ्या ताई म्हणतात. त्यांनी हसत सांगितलं की इथे कुणी सासू नाही, कुणी सून नाही, आपण सगळ्या जावा.

आजोबांचं अंथरुणावरचं सगळं मी घरी केलंय, हे मी सांगितलं. कूस बदलताना कुठे धरायचं, पाणी किती गरम ते कोपराने कसं बघायचं, हे आईने शिकवलं. ताई म्हणाल्या, मग अर्धं काम झालंच, उरलेलं अर्धं म्हणजे जोडीने वागणं. इथे उचलणं, अंघोळ, औषध, सगळं दोघींनी करायचं. एकीने करून बोलायचं, दुसरीने ‘पाहिलं’ म्हणायचं. त्याशिवाय ते झालं असं धरत नाहीत. काही शंका आली तर आधी जोडीदाराला सांगायची. म्हाताऱ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठीच आहे हे सगळं. मला बरं वाटलं. आजोबांजवळ एकटी असले की आपल्या हातून काही चुकेल या धास्तीने माझा जीव अर्धा व्हायचा.

माझी जोडीदार म्हणजे मावशी. गोल चेहरा, तोंडाचा पट्टा चालू. मी प्रत्येक गोष्ट विचारून करते म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव ‘नवरी’ ठेवलं.

९ मार्च
कोपऱ्यातल्या खोलीत मास्तरीणबाई असतात. जन्मभर शाळेत शिकवलं, आता पाय चालत नाहीत. माझी वेणी बघून म्हणाल्या, तू पहिल्या बाकावरची दिसतेस.

आज मावशी टॉवेल आणायला गेल्या आणि बाईंची बाही वर सरकली. दंडावर बोटांचे वळ होते, निळे. एका हाताचे नव्हेत. बोटांवर बोटं उमटलेली, जणू खूप जणींनी एकदम धरलंय. मी विचारलं, तर बाई हळूच म्हणाल्या की जोडीदाराला सांगू नकोस.

संध्याकाळपर्यंत घालमेल झाली. पण नियम स्पष्ट आहे, आणि लपवणं म्हणजे आपणही त्यात सामील होणं. मी मावशींना सांगितलं.

१० मार्च
सगळ्यांना चहाला एकत्र बसवलं. ताईंनी एकेकीला विचारलं. प्रत्येकीने सांगितलं, बाईंच्या हातांवर एकही वळ नाही. मावशी म्हणाल्या, नवरीला नजर कमी, कल्पना जास्त. सगळ्या हसल्या. मीही हसले, का कोण जाणे.

मी म्हटलं, सगळ्याच जाऊन बघू. गेलो. मावशींनीच बाही वर केली. वळ होते. कालच्याहून जास्त. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, काही नाही. मग बाईसुद्धा म्हणाल्या, काही नाही.

ताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. पाचांमुखी परमेश्वर, म्हणाल्या.

१३ मार्च
कोपऱ्यातली खोली रिकामी. पलंगावर चादरही नाही. बाई कुठे गेल्या विचारलं, तर मावशी म्हणाल्या, कोण बाई? त्या खोलीत कायम जादाच्या गाद्याच असतात. दुसरीला विचारलं. तिसरीला विचारलं. तेच, त्याच शब्दांत.

बाहेर जाऊन तक्रारीच्या सरकारी नंबरवर फोन केला. पलीकडची बाई फार अदबीने बोलली. तुमच्याबरोबर आणखी कुणी पाहिलं का, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं. म्हणाली, काळजी करू नका, मी तुमच्या प्रमुखांशीच बोलून घेते.

१५ मार्च
कुणी रागावलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ताई म्हणाल्या, पोर दमली आहे, हिला जपायला हवं. माझा फोन त्यांच्याकडे ठेवलाय, डोक्याला शांतता मिळावी म्हणून.

जेवताना माझ्या दोन्ही बाजूंना एकेक बसते. आज मी ताटाला हातही लावला नाही. एक म्हणाली, जेवली. दुसरी म्हणाली, पाहिलं. ताट उचलून नेलं. 

१७ मार्च
मी जिन्यात पडले म्हणे. मी जिन्याकडे गेलेच नव्हते — पण दोघींनी पाहिलंय.
आता कोपऱ्यातल्या खोलीत आहे. विश्रांतीसाठी. पलंग उबदार होता, आधीच.
सकाळी दंडावर वळ. कधी उमटले — मला कुणी धरलेलं आठवत नाही.

१८ मार्च
दाराला कडी नाही. उघडंच असतं. उठले की दोघी येतात, प्रेमाने काखेत हात घालतात, पुन्हा झोपवतात. ओरडले. ओरडली नाही, म्हणाल्या. पाहिलं —

२० मार्च
आई आली! ताईंनीच बोलावलं.
रडले नाही. पहिल्यापासून ओळीने सगळं सांगितलं. पलंगाच्या पायथ्याशी त्या उभ्या होत्या, सगळ्या. आई म्हणाली, बाळा, एखादी खोटं बोलेल, सगळ्या कशा बोलतील?
मी बाही वर केली.
आईने आधी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. दंडावरून अंगठा फिरवला. दुखलं. कुठे काय आहे गं, म्हणाली.
पाहिलं, मावशी म्हणाल्या.

आई अजून उशाशी बसली आहे, म्हणून लिहू देताहेत. तिचे डोळे भरलेत, माझ्यासाठी. आई माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही. कधीच नाही. मी पुन्हा एकदा बघते. नीट, खिडकीच्या उजेडात धरून. दंडावर —