क्रिसांतोच्या कंबरेमुळे बंद

मालागा, मंगळवार, सकाळ

ती. अंपारोताईस,

तुझ्या धाकट्या चुलतभावाकडून दोन्ही गालांवर एकेक मुका, आणि एवारिस्तोभावोजींना आदराचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींना ऐकू येऊ लागलं, की अजून सोयीपुरतंच येतं? नाताळात पाठवलेली बिस्किटं पोचली होती. पोच द्यायला उशीर झाला खरा, पण बिस्किटं त्याच दिवशी संपवली होती, म्हणजे निम्मं काम मी वेळेवर केलं होतं. डेल्फिना मजेत आहे. परवा भाचीच्या साखरपुड्यात काढलेला आम्हा दोघांचा फोटो सोबत ठेवला आहे.

माझं म्हणशील तर गेले अकरा दिवस मी धड नाश्ता केलेला नाही. क्रिसांतो शिडीवरून पडला, हे तुला माझ्याआधी कळलं असेल, कारण तो तुमच्या आंतेकेरात, तुझ्या मागच्याच गल्लीत, बहिणीकडे झोपून आहे. इथे त्याच्या बारच्या शटरवर कागद चिकटवलाय : 'कंबरेमुळे बंद'. (कुणाच्या कंबरेमुळे, हे लिहिलेलं नाही. पहिल्या दिवशी दोन म्हाताऱ्यांना वाटलं, आपल्याच.) माझं कुलपांचं दुकान त्याच्या शेजारी, आणि एकतीस वर्षं मी सकाळी साडेआठला त्याच्या काउंटरच्या डाव्या टोकाला उभा राहत आलो. आता समोर रस्त्यापलीकडे रेमिहियाचा बार आहे. मोजून नऊ पावलं. पण तिथे मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तू समजू शकतेस. भावोजींनी शेजारणीकडे जेवायला जाण्यासारखंच ते.

तरीपण दुसऱ्या दिवशी पोटाने ओढत नेलं. रेमिहिया म्हणाली, "बोल राजा, काय देऊ?" मी म्हणालो, "नेहमीचं." ती म्हणाली, "कुणाचं?"

ताई, तिथे मी अडकलो. एकतीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी दारात दिसलो की क्रिसांतोचा हात आपोआप चालायचा, आणि मी पेपर उघडेपर्यंत समोर ग्लास आणि बशी. मी काय पितो? थोड्या कॉफीची सावली, थेंबभर कॉफीचा ढग, की निम्म्या कॉफीची अर्धी? मालागात जन्मून बासष्ट वर्षं काढली, आणि माझ्या ग्लासात दूध किती आणि कॉफी किती, ते मला सांगता येईना. रेमिहिया तरी थांबावी की नाही! पाव लांबोडा की गोल मऊ? वरचा भाग की खालचा? टोमॅटो किसून की चकत्या? तेल आधी की नंतर? मागे रांग लागली होती. एक बाई ओरडली, "अहो काका, सोयरीक नाही जमवायची, पाव सांगा!" मी घाबरून "मध्यम" म्हणालो. टोमॅटोत मध्यम काय असतं, ते देवाला ठाऊक. जे आलं ते कुणा परक्याचं होतं. मी त्याची माफी मागून अर्धं टाकलं.

घरी येऊन डेल्फिनाला विचारलं, मी नाश्त्याला काय खातो? ती म्हणाली, "एकतीस वर्षं जो माणूस घरात नाश्ता करत नाही, त्याने हे मला विचारावं?" (हे तिने तीनदा म्हटलं, त्यातलं एकदा फोनवर तिच्या बहिणीला.) मग बासिलियोला गाठलं, तो निवृत्त पोस्टमन, माझ्या उजव्या कोपराशी उभा राहणारा. तो छातीठोकपणे म्हणाला, "तुझा गोल पाव, जाड थराचं लोणी, आणि ढग." मी विचारलं, आणि तुझं? आता तोही शोधतोय. लोणी बहुधा त्याचंच होतं.

मग मी कुलूपवाल्याच्या पद्धतीने निघालो. किल्ली हरवली की एकेक लावून बघायची. तिसऱ्या दिवशी ढग नि लांबोडा, चौथ्या दिवशी ढग नि गोल, पाचव्या दिवशी अर्धी नि चकत्या. रोज काहीतरी कमी, किंवा काहीतरी जास्त. पण खरा घोटाळा कालचा. मी आत शिरलो, तोंड उघडायच्या आत रेमिहियाने ग्लास आणि बशी माझ्यासमोर सरकवली. म्हणाली, "घे, तुझं नेहमीचं." एकदा का नेहमीचं ठरलं की माणूस त्या काउंटरचा झाला. मी घास न घेता पळालो. दुकानात येऊन एका बाईला तिच्याच घराच्या तीन किल्ल्या जास्त करून दिल्या.

असो. भावोजींना सांभाळ.

तुझा,
लेआंद्रो

ता. क. क्रिसांतोकडे जाऊन विचारशील का, की मी काय खातो? फोनवर तो "बरं आहे" एवढंच म्हणून ठेवून देतो. रेमिहियाचं नाव काढू नकोस.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आधी पुन्हा तिच्याकडे गेलो (कालचे पैसे द्यायचे राहिले होते असं समज). कालचंच पुढे आलं : सावली, ग्लासात, गोल पावाचा खालचा भाग, टोमॅटो किसून, पण कडेपर्यंत नाही. पहिल्याच घासाला ओळखलं. तेच! तुला कसं कळलं, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "एकतीस वर्षं माझ्या खिडकीतून तुझा ग्लास दिसतोय, राजा. दहा दिवस बघत होते, तुला आठवतं का." तेव्हा नाश्त्याचं राहू दे. क्रिसांतो कधी येतोय, तेवढंच विचार.

ता. क. ३. तो विचारेलच, लेआंद्रो कुठे खातो म्हणून. सांग, कुठेच नाही. वाळलाय, शर्ट लोंबतो, शटरशी उभा राहून कागद वाचतो. कंबर बरी व्हायला माणसाला काहीतरी घाई लागते. आणि सोबतचा फोटो त्याला अजिबात दाखवू नकोस. त्यात माझ्या कोटाचं बटण लागत नाहीये.